त्यांच्या नावाखाली ऑनलाइन

२२ सप्टेंबर

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ही वही दिली. म्हणाल्या, "नर्सबाई, रोजचं प्रेशर लिहा, झोप किती झाली ते लिहा, आणि फोन किती वेळ बघितला तेही लिहा. लबाडी नको." एकतीस वर्षं मी गावातल्या बायकांच्या पोरांची वजनं लिहिली, कुणाचं वाढलं, कुणाचं घसरलं. आता माझंच पान उघडलंय.

प्रेशर १५०/९०. झोप चार तास. फोन किती वेळ ते लिहीत नाही, जा.

खरं म्हणजे दुसरंच काहीतरी लिहायचंय आणि ते डॉक्टरीणबाईंना दाखवायचं नाही. ह्यांना जाऊन सात आठवडे झाले. आज दुपारी जेवण उरकलं आणि माझ्या फोनवर ह्यांचं नाव उघडून बसले होते. रोज पहाटे कमळाचं चित्र पाठवायचे, खाली 'सर्व प्राणी सुखी होवोत'. मी शेजारच्या खोलीत असायचे, तरी मलासुद्धा. ती चित्रं बघत होते. दोन वाजून चाळीस मिनिटांनी ह्यांच्या नावाखाली शब्द उमटला: ऑनलाइन.

ह्यांचा फोन कपाटात, कुलपात, किल्ली माझ्या कमरेला. जाऊन उघडलं. फोन रुमालात गुंडाळलेला, पडदा काळा. आणि माझ्या हातातल्या फोनवर तो शब्द तसाच. तीनला पाच कमी असताना गेला.

२३ सप्टेंबर

आजही. दोन चाळीस.

२५ सप्टेंबर

प्रेशर १५८/९४. रोज येतात. वेळ चुकत नाही. जन्मभर रंबुक्कनच्या स्टेशनात सिग्नल सांभाळले, ते मेल्यावर तरी उशिरा कसे येतील?

आता लिहूनच टाकते. ३ ऑगस्टला दुपारी ह्यांचा श्वास लागला तेव्हा मी ओळखलं. माणूस जाताना त्याच्या मनात शेवटी जे असतं, तिथे तो जातो. लहानपणापासून हेच ऐकलंय. म्हणून मी पिरिताचं पठण लावलं, भंते आजाऱ्यासाठी म्हणतात ते, उशाशी पांढरी फुलं ठेवली, म्हटलं, ह्यांचा हात फुलांना लागू दे, कानावर सुत्त पडू दे. आणि ह्यांच्या हातात काय? फोन! डोळे फोनवर. मी म्हटलं, "आता तरी ठेवा तो मेला फोन." आणि काढून घेतला. ओढूनच घेतला. ह्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. मला वाटलं, औषधाची वेळ विचारतात. म्हटलं, "औषध झालंय." पंधरा मिनिटांत गेले.

माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं म्हणजे औषध झालंय.

त्यांचं मन फोनमध्ये राहिलं. आता ते प्रेत होऊन, भुकेल्या पिशाचासारखे, तिथेच घुटमळतायत आणि ह्याला कारण मी.

२८ सप्टेंबर

इरोशाचा फोन आला. आमची एकुलती एक, कोरियात कारखान्यात आहे. बाप गेला तेव्हा पाळीवर होती. तिथे पाळीला फोन लॉकरमध्ये जमा करावा लागतो. दोन दिवसांनी पोचली, सातव्या दिवसाचं दान झालं की परत गेली. जायच्या आदल्या दिवशी ह्यांचा फोन घेऊन अंगणात बसली होती, तिच्या जुन्या फोनने त्यातला कसलासा काळापांढरा चौकोन टिपत होती. म्हणाली, थात्तांचे फोटो घेतेय. बापाला ती थात्ता म्हणते.

आज म्हणाली, "अम्मा, थात्तांचा फोन चालू ठेवतेस ना? चार्जिंग करत राहा हं."

म्हटलं, "करते बाई. तान्ह्या बाळाला दूध पाजावं तसं रोज पाजते." तिला ऑनलाइनचं सांगितलं नाही. परक्या मुलखात एकटी पोर, उगाच घाबरायची.

व्हिडिओत नुसतं कपाळ दाखवते. म्हटलं, "फोन खाली धर, गळा दिसू दे. वजन किती झालं?" तर म्हणे, "मी तुझा दवाखाना नाहीये, अम्मा." बापाशी मात्र तासभर बोलायची. माझ्याशी बोलताना तोंडात मिठाची गुळणी.

२ ऑक्टोबर

पानावर भात, खोबऱ्याचं सांबोळ आणि तळलेली सुकी मासळी वाढून परसात ठेवलं, दोन पस्तीसला. कावळा आला, बघितलं आणि उडून गेला. शेवटी शेजारच्या सुमना अक्काचा कुत्रा खाऊन गेला. सुमना अक्का कुंपणावरून ओरडली, "अगं, माझ्या कुत्र्याला मासळी आणि मला साधा चहाही नाही?" तिला कोरा चहा आणि गुळाचा खडा दिला. ती बोलत होती आणि माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. शेवटी म्हणाली, "नवरा होता तेव्हा त्याला फोनवरून शिव्या घालायचीस. आता तूच त्यात डोकं खुपसून बसतेस." राग आला, कारण खरं होतं.

आणखी एक गोष्ट. आता दोन वाजले की मी केस विंचरते. का ते विचारू नये.

६ ऑक्टोबर, पोयाची पौर्णिमा

पांढरी साडी नेसून विहारात अष्टशील घ्यायला गेले. आमच्या सीलरतन भंतेंनी यंदापासून नवीन काढलंय. दाराशी वेताची टोपली. शील घेणाऱ्याने फोन त्यात टाकायचा, संध्याकाळी शील सोडताना परत घ्यायचा. सगळ्या म्हाताऱ्या अशा कुरकुरल्या, जणू दागिने काढून द्यायला सांगितलेत. भंते म्हणाले, "दुपारनंतर जेवायचं नाही हे तुम्हाला जमतं. मग डोळ्यांनीही एक दिवस जेवू नका की!" स्वतःचा फोनही टाकला त्यांनी. त्यावरून ते प्रवचनं देतात, अमेरिकेतली माणसंसुद्धा ऐकतात.

मी माझा फोन टाकला. ह्यांचा मात्र झंपरात. शील घेऊन लबाडी केली, इथे लिहिते.

आणि ध्यानाला बसलो, सगळं चिडीचूप, तर छातीशी तो गुरगुरला. रेल्वेतल्या कुणा मित्राने कमळ पाठवलं असेल, अजून पाठवतात. सुमना अक्का डोळे मिटूनच म्हणाली, "हृदय आहे का जातं?" चार जणी फिस्सकन हसल्या. मी पदर छातीशी घट्ट ओढून घेतला.

नंतर भंतेंनी शिकवलं ते लिहून ठेवते. फोनला हात लावण्याआधी तीन श्वास घ्यायचे, सावकाश. आणि विचारायचं, भूक कुणाला लागलीय? बोटाला? डोळ्याला? की आणखी कुणाला? भूक कुणाची ते कळलं तर काय वाढायचं ते कळतं.

मला कुणाची भूक ते कळलंच आहे.

९ ऑक्टोबर

तीन श्वास घेतले. तिसऱ्यालाच ऑनलाइन दिसलं. श्वास राहिला बाजूला.

१६ ऑक्टोबर

प्रेशर १७०/१००. अक्षर वाकडंतिकडं आलंय.

दोन चाळीसला आले. मी रोजच्यासारखी बघत होते. दोन पन्नासला तो शब्द बदलला. 'टाइप करत आहे'. ह्यांच्या नावाखाली. तीन ठिपके हलत होते. मी म्हटलं, अहो, लिहा. मोठ्यानेच म्हटलं, रिकाम्या घरात. लिहा, काय पाहिजे ते सांगा, मी देते, मी चुकले. पुष्कळ वेळ ठिपके हलत राहिले. मग थांबले आणि ऑनलाइनही गेलं. काहीच आलं नाही.

कपाटातल्या फोनला हात लावून बघितला. गरम होता. चार्जिंगला होता म्हणून असेल.

२० ऑक्टोबर

भंतेंना सगळं सांगितलं, झंपरातल्या फोनसकट. ते दम्याचा फवारा ओढत बसले होते. विचारलं, "भंते, हे प्रेत झालेत का?"

"मी पाहिलं नाही, नर्सबाई. असतील, नसतील."

"मग रोज कोण येतं?"

"ते मला काय माहीत? पण घट्ट धरलेली मूठ कुणाची आहे, ती आधी बघा. मुठीत काय आहे ते नंतर. आणि जरा खात जा. तुम्ही बायकांना दटावून खायला लावायचात, आता तुमचीच हाडं निघालीत."

मूठ ह्यांचीच. दुसऱ्या कुणाची असणार? जाणाऱ्याला जी वस्तू सुटली नाही, ती त्याच्या नावाने भिक्खूसंघाला दान द्यावी, म्हणजे गाठ सुटते. माझ्या आईने माझ्या आजोबांची पानाची डबी अशीच दिली होती. ३ नोव्हेंबरला तीन महिन्यांचं दान आहे. फोन द्यायचा. ठरलं.

२६ ऑक्टोबर

इरोशाला सांगितलं. एकदम किंचाळली, "नाही! अम्मा, तो फोन नाही द्यायचा!"

"अगं, त्यांच्यासाठीच ना—"

"दुसरं काहीही दे. त्यांची छत्री दे. रेडिओ दे."

"छत्रीत कुणाचा जीव अडकत नाही, दुवे, माझ्या पोरी."

मग खूप हळू म्हणाली, "अडकला तर अडकू दे की." असं कुणी बोलतं? स्वतःच्या बापाबद्दल? मी फाडफाड बोलले. म्हटलं, तुला तुझ्या थात्ताची गती बिघडवायचीय का? तिने फोन ठेवला. त्याआधी कपाळाच्या कडेला घाम दिसला मला. तिकडे आता थंडी असते म्हणतात.

२ नोव्हेंबर

संध्याकाळी रिझ्नाच्या मोबाइलच्या दुकानात फोन नेला. ही पोरगी माझ्याच हातून जन्मली, पायाळू. संघाला द्यायची वस्तू उष्टी देत नाहीत, ताटसुद्धा घासून देतात. म्हणून तिला म्हटलं, "ह्याच्यातलं सगळं पुसून कोरा करून दे."

ती म्हणाली, "नर्सआंटी, खातंही बंद करू? नाव, फोटो, सगळं जाईल. परत येत नाही हं."

मी तीन श्वास घेतले. म्हटलं, कर.

३ नोव्हेंबर

दान पार पडलं. पहाटेपासून सहा जणी स्वयंपाकाला. पाच भंते आले. तांब्याने पाणी ओतलं. खालची वाटी भरून थाळीत ओसंडायला लागली, तसे भंते गाथा म्हणत गेले आणि मी मनात म्हणत गेले, घ्या, हे पुण्य तुमचं, आता सुटा. तबकात चीवर, वस्तरा, छत्री आणि पांढऱ्या रुमालात फोन. सगळे म्हणाले, साधू, साधू, साधू.

भांडी घासायचं सोडून दोन चाळीसला फोन उघडला. ह्यांच्या नावाशी फोटो नाही, नुसता राखी गोल. खाली काही नाही. तीन वाजेपर्यंत नाही.

सुटले. मला बरं वाटायला हवं होतं. केस विंचरून बसले होते. मग पंचावन्न ताटं घासली.

६ नोव्हेंबर

इरोशा तीन दिवस फोन उचलत नाही. रागावली असेल. प्रेशर १६४/१००.

९ नोव्हेंबर

दिलहानी म्हणून मुलगी आहे, इरोशाच्या खोलीत राहते. तिचा फोन आला. आंटी, घाबरू नका, म्हणाली. म्हणजे घाबरायचंच असतं. इरोशा पाळीवर कोसळली. दवाखान्यात आहे, सलाईन लावलंय. वजन एकोणचाळीस किलो.

एकोणचाळीस! इथून गेली तेव्हा चोपन्न होती. परक्या बायकांच्या पोरांची पाव किलोची घसरण मला नुसत्या हाताने उचलून कळायची.

मी विचारलं, "ती जेवत नव्हती?"

"एकदाच जेवायची, आंटी. पाळी सुटली, सहा दहाला लॉकरमधून फोन मिळाला, की दोन्ही फोन टेबलावर समोरासमोर उभे करायची. जुन्या फोनवर तिकडूनच काकांचं खातं जोडून आणलं होतं, ते उघडायचं, म्हणजे तिच्या फोनवर ते ऑनलाइन दिसायचे. ते दिसले की मग खायची. काका त्याच वेळेला विचारायचे ना, जेवलीस का म्हणून. सकाळचं, दुपारचं सगळं सोडलं होतं तिने. तीन तारखेपासून खातं उघडेना. म्हणाली, अम्माने थात्तांना पुसलं. मग एकदाचंही सुटलं."

त्यांचे संध्याकाळचे सहा दहा म्हणजे आमचे दुपारचे दोन चाळीस.

वही मिटून परत उघडली. घड्याळाकडे बोट दाखवलं होतं ह्यांनी. औषध नको होतं त्यांना. दोन चाळीस व्हायची वाट बघत होते. पोरीचा लॉकर उघडायला वीस-पंचवीस मिनिटं उरली होती आणि मी हातातून फोन ओढून घेतला. अरे देवा. शेवटच्या क्षणी त्यांच्या मनात पोर होती. नुसती पोर. फोनमध्ये ते कधी अडकलेच नव्हते.

१० नोव्हेंबर

सकाळीच विहारात गेले. संघाला दिलेली वस्तू परत मागणारा प्रेतयोनीत जातो, हे मी आईच्या दुधाबरोबर शिकले. तरी भंतेंच्या पायाशी बसून म्हटलं, "तो फोन परत द्या. व्हायचं तर होते मी प्रेत. माझ्या पोरीला जेवायचंय."

भंतेंनी उठून कपाटातून काढला, रुमालासकट माझ्यापुढे ठेवला. जराही आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाले, "घ्या. पाप लागलंच तर अर्धं माझं. पण तुम्ही पुसून आणलात ना? ह्यात आता कोण आहे?"

मी बघितलं. कोरा, काळा. माझाच चेहरा दिसला. केस न विंचरलेला.

"मी तुम्हाला काय विचारायला शिकवलं होतं?"

"भूक कुणाला लागलीय."

"मग?"

मी रडले. एवढी तीन महिन्यांत रडले नव्हते. सगळे म्हणायचे, नर्सबाई खंबीर. म्हटलं, "भंते, मी मेलेल्याला वाढत बसले. भुकेली जिवंत होती. आणि मीसुद्धा."

"उठा आता," भंते म्हणाले, "इथे बसून तिच्या पोटात काय जाणार आहे?"

फोन तिथेच ठेवून आले.

१२ नोव्हेंबर

दोन चाळीसला मी लावला. दवाखान्यात होती, दिलहानीने फोन धरला. पहिल्यांदा गळा दिसला. हाडं वर आलेली, खांद्यात वाट्या पडलेल्या. मी काही बोलणार होते, प्रोटीन, लोह, रक्ताची तपासणी. तीन श्वास घेतले. म्हटलं, "जेवलीस का?"

मग म्हणाली, "तू हे कधी विचारत नाहीस. तू वजन विचारतेस."

"चुकलं माझं. जेवलीस का, दुवे?"

"नाही."

"मी पण नाही. थांब." ताट घेऊन आले. भात, डाळ, फणसाची भाजी. तिच्यापुढे दवाखान्याची पेज. मी एक घास, ती एक चमचा. तिने अर्धी वाटी खाल्ली. मग मी सांगितलं, थात्तांनी घड्याळाकडे बोट दाखवलं होतं ते. फोन मी ओढला तेही. लपवलं नाही. तोंडाला पदर लावून ऐकावं तशी ती चादर लावून ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे ते माझीच वाट बघत होते?"

"तुझीच."

"अम्मा, मला वाटायचं, त्यांचा फोन मी उचलला नाही म्हणून रागावून गेले."

दोघी रडलो. दिलहानीचा हात अवघडला, तिने फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवला.

१९ नोव्हेंबर

प्रेशर १३८/८६. झोप सहा तास. फोन वीस मिनिटं, खरं लिहिलंय.

इरोशा खोलीवर परत आली. आता रोज दोन चाळीसला दोघी ताटं घेऊन बसतो, माझं दुपारचं, तिचं रात्रीचं. सकाळच्या न्याहारीचा फोटो पाठवावा लागतो, न पाठवला तर मी दिलहानीला छळते. जेवण झालं की तिकडे तिने फोन खणात टाकायचा, इकडे मी विहारासारखी वेताची टोपली आणलीय, तिच्यात. सुमना अक्का म्हणते, "मला पण दाखव की ती पोरगी," आणि मध्येच तोंड घालून कोरियात चिखलात भात पिकतो का, असलं काहीतरी विचारते. वजन एक्केचाळीस. मी विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं.

२३ नोव्हेंबर

आज जेवताना सहज म्हटलं, "त्या दिवशी, सोळा तारखेला, तू थात्तांच्या खात्यावरून मला काय लिहीत होतीस गं? लिहिलंस आणि पाठवलंच नाहीस."

ती चमचा धरून थांबली. "मी?"

"टाइप करत आहे असं दिसत होतं. पुष्कळ वेळ."

"अम्मा, मी त्यांच्या खात्याला बोटही लावायचे नाही. उघडून फक्त समोर उभं ठेवायचे. त्यावरून लिहायची मला भीती वाटायची."

मी म्हटलं, "मग माझ्या डोळ्यांनाच दिसलं असेल. खा, गार होतंय."

तिने ताट संपवलं. मीही संपवलं. तिचा फोन बंद झाल्यावर मी टोपलीचं झाकण लावलं, मग तांब्या आणि वाटी घेऊन अंगणात बसले आणि पाणी ओतलं, वाटी ओसंडेपर्यंत. मोठ्याने सांगितलं, अहो, ती जेवली. मीही जेवले.